मोठ्यानं वाचा, रामटेके काका उभे आहेत

तुम्ही रायपुरात राहत असाल आणि फोनवर आलेला एखादा भडकाऊ मेसेज न वाचताच पुढे ढकलला असेल, तर सकाळी साडेआठच्या सुमाराला दाराची कडी वाजायची तयारी ठेवा. बेल नाही, कडी. बेल असली तरी कडीच. दार उघडलं की समोर एक उंच, वाळका, सत्तरी ओलांडलेला म्हातारा उभा असतो. पांढरा शर्ट पँटमध्ये खोचलेला, पायात काळे बूट, बुटांना पॉलिश. तो आत येत नाही, बसत नाही, चहाला हो म्हणत नाही. खिशातून फोन काढतो, तुमचाच मेसेज तुमच्या नाकासमोर धरतो आणि म्हणतो, "वाचून दाखवा. मोठ्यानं."

हे आमचे रामटेके काका. नाव अभिमन, पण त्या नावानं हाक मारणारं आता कोणी राहिलं नाही. काकू जाऊन चार वर्षं झाली. बुढापारा नावाच्या वस्तीत, तलावाच्या मागच्या गल्लीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर आहे. मी मंदा, सरकारी शाळेत गणित शिकवते. सव्वीस वर्षं शिकवून माझा आवाज आणि माझा स्वभाव दोन्ही बिघडले आहेत, हे आधीच सांगून ठेवते. पुढे कुठं आवाज चढला तर समजून घ्या. चढणारच आहे, कारण विषयच तसा आहे.

काका रेल्वेत स्टेशन मास्तर होते. मोठ्या स्टेशनावर नाही. जिथं दिवसातून दोन पॅसेंजर थांबतात आणि मालगाड्या नुसत्या धडधडत निघून जातात, अशा लहान लहान स्टेशनांवर त्यांची नोकरी झाली. तिथला एक कायदा त्यांनी मला किमान पन्नास वेळा सांगितला आहे. शेजारच्या स्टेशनाला फोनवर निरोप दिला की समोरच्या मास्तरनं तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. मग आपल्याजवळच्या कागदावरचा एक गुप्त नंबर द्यायचा. नंबर दिला म्हणजे जबाबदारी घेतली. त्याला लाइन क्लियर म्हणतात आणि ती मिळाल्याशिवाय गाडी जागची हलत नाही.

"एक शब्द इकडचा तिकडं झाला तं माणसं मरतात, मास्तरीनबाई," ते म्हणतात. "अन् तुम्ही लोक दिवसभर पाठून राहिले, पाठून राहिले. परत म्हणून कोणीच पाह्यत नाही. नंबर कोणीच देत नाही. कोणाच्या भरोशावर पाठवता बाप्पा?"

मला ते मास्तरीनबाई म्हणतात. कधी प्रेमानं, बहुतेक वेळा नाही.

आता निलेशचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय काका समजणार नाहीत. निलेश त्यांचा एकुलता एक पोट्टा. पुण्यात कॉम्प्युटरच्या मोठ्या कंपनीत आहे. इथंच जन्मला, याच गल्लीत वाढला, माझ्याकडे पाढे पाठ करायला यायचा. मराठी सगळी समजते, पण तोंड उघडलं की हिंदी. काकांच्या घरच्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, रामटेके परिवार नावाचा. चुलत, मावस, आते असे सगळे मिळून चाळीसेक लोक. दीड वर्षापूर्वी निलेशनं त्यात एक व्हिडिओ टाकला. कुठल्याशा स्टेशनावर हाणामारी चालली आहे आणि खाली लिहिलं आहे, काल रायपूरला अमक्या लोकांनी तमक्यांना मारलं, बातमी दाबून राहिले, जागे व्हा.

काकांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मग लिहिलं, "हे रायपूर नाही. रुळाच्या वर वायर नाही. आपल्याकडं विजेची गाडी येऊन किती वर्षं झाली हे तुला माहीत आहे. फोन लाव आणि लिहिलेलं मला वाचून दाखव." निलेशनं उत्तर टाकलं, "बाबा, आपको समझ नहीं आता तो बीच में मत बोलो." एवढ्यावर थांबलं असतं तर काय हवं होतं! पण ग्रुपमध्ये थांबतं कोण? एक चुलतभाऊ उठला, एक मावसजावई उठला. कोणी बापाची बाजू घेतली, कोणी पोराची. कोणी दहा वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या जेवणाचं काढलं. समोरासमोर ज्यांनी एकमेकांना पाणी विचारलं असतं, ते लोक एकमेकांचे बाप काढायला लागले. आणि रात्री निलेशनं, म्हणजे ग्रुप चालवणाऱ्यानं, काकांना ग्रुपमधून काढून टाकलं.

काढून टाकलं. बापाला! ग्रुपचं नाव रामटेके परिवार आणि त्यातला सगळ्यात मोठा रामटेके बाहेर. मला काकांनी फोन दाखवला तेव्हा त्यावर एक बारीकशी ओळ होती, तुम्हाला काढण्यात आलं आहे. आग लागो त्या फोनला. घरातून हाकलायचं तरी माणूस दार उघडतो, हात धरतो, शिव्या तरी देतो.

त्या दिवसापासून बापलेकांत एक शब्द नाही. निलेश बोलावा, पूर्वीसारखा बोलावा, एवढीच एक गोष्ट काकांना या जगात पाहिजे आहे. हे ते कबूल करत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "त्याले गरज असन तं तो करन फोन." आणि त्याच आठवड्यापासून त्यांनी गावभर दारं वाजवणं सुरू केलं.

माझीही पाळी आली. शाळेतून तापून आले होते आणि फोनवर एक व्हिडिओ दिसला. एक माणूस बादलीत पांढरी पावडर घोळून दूध बनवतो आहे. खाली लिहिलं होतं, लेकरांचा जीव प्यारा असेल तर आजच दूधवाला बदला. मी भडकले. गल्लीच्या ग्रुपवर तो टाकला, आणि वर स्वतःचं एक वाक्य जोडलं, "आपल्या गल्लीतही हेच चालू आहे." का जोडलं? शपथेवर सांगते, मला माहीत नाही. राग आला होता, आणि राग आला की तोंडाच्या आधी अंगठा चालतो.

आमच्या गल्लीत दूध घालणारा एकच माणूस, सुकालू भैया. वीस वर्षं सायकलवर कॅन बांधून येतो आहे. दोन दिवसांत सहा घरांनी त्याचं दूध बंद केलं. मला पत्ताही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कडी वाजली. दारात काका आणि त्यांच्या मागे सायकल धरून सुकालू.

"वाचून दाखवा," काका म्हणाले. "मोठ्यानं."

मी म्हटलं, "काका, शाळेला उशीर होतोय."

"पाठवाले उशीर नव्हता झाला. वाचा."

शेजारपाजारची दोन डोकी बाहेर आली होती. वाचायला लागले. बादली वाचली, पावडर वाचली, लेकरांचा जीव वाचला. मग माझं ते वाक्य आलं. पाचवीतल्या पोरीसारखी मी अडखळले, मी, जी पोरांना अडखळल्याबद्दल उभं करते.

"हे गल्लीतलं कोणं पाह्यलं?" काकांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मंग लिहिलं कोणं?"

"मी."

सुकालू बिचारा एवढंच बोलला, "दीदी, मोर लइका मन घलो इही दूध पीथें." माझी लेकरंही हेच दूध पितात, म्हणाला. रागावला नाही, ओरडला नाही. ओरडला असता तर मी पण ओरडले असते आणि आमचं दोघांचं सोपं झालं असतं. त्या दिवशी शाळेत अर्धी सुट्टी टाकून मी सहाही घरी गेले आणि सहा वेळा सांगितलं की मी खोटं लिहिलं. चार घरांनी दूध परत सुरू केलं. दोघांनी नाही केलं. त्यांना माझं खोटं पटलं होतं आणि खरं पटत नव्हतं. याला काय करायचं, सांगा! आठ दिवस मी काकांशी बोलले नाही. त्यांचा राग होता, स्वतःचा होता, आणि सगळ्यात जास्त त्या व्हिडिओ बनवणाऱ्याचा, ज्याचं तोंडही मला माहीत नव्हतं.

पुरानी बस्तीतल्या एका ठेकेदाराची गंमत तर सगळ्या गावाला माहीत आहे. त्यानं कसलासा तेजतर्रार मेसेज पाठवला होता आणि शेवटी लिहिलं होतं, जो हा पुढे पाठवणार नाही तो एका बापाचा नाही. काका त्याच्या दारात. वाचून दाखवा, मोठ्यानं. तोही इरेला पेटला आणि छाती काढून वाचायला लागला. शेवटच्या ओळीला आला तोवर आतून त्याची आई बाहेर आली होती. ऐंशीची बाई, हातात लाटणं.

"का कहे रे?" तिनं विचारलं, काय म्हणालास म्हणून.

त्यानं हा पाठवला नसता तर तो कोणाचा ठरला नसता, हे काकांनी तिला शांतपणे समजावून सांगितलं. पुढे काय झालं ते काका सांगत नाहीत. "मी निघालो," म्हणतात. "घरचा मामला होता."

एकदा तर बस पकडून अभनपूरला गेले. तिथल्या एका खतवाल्यानं कुठल्यातरी बातमीखाली एका बाईला उद्देशून इतकं घाण लिहिलं होतं की मी इथं लिहू शकत नाही. त्याच्या फोटोत मागे दुकानाची पाटी दिसत होती. काकांनी पाटी वाचली आणि सकाळची बस धरली. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती, त्यांत दोन बायका. काकांनी फोन पुढे केला. खतवाल्यानं गिऱ्हाइकांकडे पाहिलं.

"अरे सर, ऐसा सामने थोड़ी बोलते हैं," तो म्हणाला.

"मंग पाठीमागून काहून बोलून राहिले?"

त्यानं ते दुकानात उभं राहून खोडलं, बोलता बोलता रडकुंडीला आला, आणि निघताना काकांच्या पिशवीत घरच्या वाडीतलं एक मोठं कोहळं घातलं. आठ दिवस आम्ही दोन्ही घरी कोहळ्याची भाजी खाल्ली. काका म्हणाले, "वाईट माणूस नाही तो. रिकामा माणूस हाये."

रिकामा! हा शब्द मला फार लागला, कारण रिकामे कोण नाही? आमचे हे बघा. ताटात वरण थंड होतं आणि यांचा अंगठा वरून खाली, वरून खाली. काय पाहता विचारलं तर सांगता येत नाही. एक माणूस पडला, एक मांजर नाचलं, एक बाई कोणाला तरी शिव्या देते आहे, पुढे. मी ओरडते. मग मीच फोन घेऊन बसते, पाच मिनिटं म्हणून, आणि वर पाहते तर घड्याळात पाऊण तास गेलेला आणि माझं डोकं तापलेलं. कशानं तापलं? कुठल्या तरी गावच्या, कुठल्या तरी माणसानं, कोणाला तरी काहीतरी म्हटलं म्हणून. माझा त्याच्याशी काय संबंध? सकाळी नळाला पाणी आलं नाही तेव्हा मी इतकी चिडले नव्हते. कोणीतरी मुद्दाम आपल्याला चिडवत बसलं आहे आणि आपण रोज न चुकता चिडायला जातो, याचाच मला जास्त राग येतो.

तर निलेश. यंदाच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. मी संध्याकाळी वाटीभर भाजी द्यायला काकांकडे गेले. दार उघडंच होतं. काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, हातात फोन, चष्मा नाकावर. मला वाटलं, उद्याचं दार शोधून राहिले. मागे जाऊन पाहिलं तर फोनवर निलेशचं नाव उघडलेलं. मेसेज एकही नाही, दीड वर्षापूर्वीचे ते जुने वर कुठंतरी. नावाखाली फक्त एक शब्द, ऑनलाइन. काका त्या शब्दाकडे पाहत बसले होते. थोड्या वेळानं तो शब्द गेला. काकांनी चष्मा काढला.

"बरा हाये," ते म्हणाले. "रोज या टायमाले असते तो. परवा नव्हता, तं मले वाटलं ताप-बिप आला काय."

माझं डोकं असं फिरलं की काय सांगू! भाजीची वाटी टेबलावर आपटली.

"सगळ्या रायपूरची दारं वाजवता," मी ओरडले. "पार अभनपूरपर्यंत जाता. त्या पोट्ट्याचं दार काहून नाही वाजवत? तिथं काय पाय तुटतात तुमचे?"

काकांनी फोन पालथा ठेवला. मग म्हणाले, "हे सगळे परके लोक हायेत, मास्तरीनबाई. परक्याच्या दारात उभं राहाले लाज नाही वाटत."

मी घरी निघून आले. पण बोललेलं त्यांना लागलं होतं. चार दिवसांनी सकाळी काकांनी अंगणात बूट पॉलिशला घेतले आणि मला हाक मारून सांगितलं की रेल्वेचा पास काढला आहे, उद्या पुण्याला निघतो. निलेशला सांगितलं का विचारलं तर नाही म्हणाले. दारात उभा राहीन, तो उघडेल, मग पाहू. मला इतका आनंद झाला की मी त्याच संध्याकाळी कढई चढवली. निलेशला लहानपणापासून ठेठरी आवडते. बेसनाची ठेठरी आणि गुळाची खुरमी, छत्तीसगढी घरात पोळ्याला करतात तशी, मी डबा गच्च भरून दिला. तिखट थोडं कमी घातलं, पुण्यात राहून सवय गेली असेल म्हणून.

काका आठ दिवस राहतील असा माझा अंदाज होता. ते चौथ्या दिवशी सकाळी परत आले. रिक्षातून उतरले, हातात तीच पिशवी. मी धावत गेले.

"भेटला? काय म्हणाला? इतक्या लवकर काहून परतले?"

"बरा हाये," काका म्हणाले. "घर चांगलं हाये. मोठी बिल्डिंग हाये." आणि आत गेले. पिशवी त्यांनी ओट्यावर ठेवली होती. मी उचलली तर डबा जड. उघडला. ठेठरी एकही कमी झाली नव्हती.

"त्याले आता तेलकट चालत नाही," काका आतून म्हणाले.

मी सव्वीस वर्षं पोरांच्या खोट्या सबबी ऐकते आहे. घरी आले आणि सरळ निलेशला फोन लावला. दीड वर्षात मीही लावला नव्हता, काकांच्या बाजूनं फुगून बसले होते. त्यानं लगेच उचलला.

"काकी! कैसे हो?"

"बाबा आले होते तिकडे. तू त्यांना घरात घेतलं नाही?"

"बाबा? यहाँ? कब?"

आवाजावरून कळलं की खोटं बोलत नाही. मी विचारलं, मग तुमच्याकडे आत कसं सोडतात? त्यानं सांगितलं की त्यांच्या बिल्डिंगच्या गेटावर कोणी आलं की वॉचमन फोनमध्ये नाव टाकतो, ते घरवाल्याच्या फोनवर येतं, घरवाल्यानं बोट लावून होकार द्यायचा आणि मग वॉचमन आत सोडतो. "रुको काकी, देखता हूँ," म्हणाला आणि फोनमध्ये शोधलं. मग वाचायला लागला. रविवार. ए. रामटेके, अकरा वाजून दहा मिनिटं. परत पावणेबारा. परत साडेबारा. परत दोन. चार वेळा विचारणा आली होती. चारही वेळा होकार नाही, नकार नाही, काहीच नाही.

"तू घरी नव्हतास?"

"घर पे ही था," तो हळू म्हणाला. "काकी, दिनभर इतना कुछ आता है फ़ोन पे, नीचे चला गया होगा. मैं उस टाइम... एक बंदे से बहस चल रही थी. कमेंट में. बालकनी में था, अंदर नेटवर्क नहीं आता."

"कोणाशी?"

"पता नहीं काकी. कोई था."

"कशावरून?"

"अब तो याद भी नहीं."

मग मी त्याला काय काय बोलले ते आमच्या गल्लीनं ऐकलं. मेल्या, म्हटलं, ज्याचं नाव तुला माहीत नाही, ज्याचं तोंड तू पाहिलं नाही, त्याच्यासाठी तुझ्याजवळ तीन तास होते! आणि ज्यानं तुला खांद्यावर बसवून तलावाला चकरा मारल्या तो म्हातारा खाली उन्हात पिशवी घेऊन उभा होता. तू त्या माणसाला जिंकलास का? मिळालं का काही? काय मिळालं ते सांग मला! मी थांबले. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मैं आता हूँ, काकी. अगले हफ़्ते. पक्का," तो म्हणाला. आणि मग म्हणाला, "बाबा को मत बताना मैं क्या कर रहा था. बोल देना, सो रहा था."

मी म्हटलं, मी अजिबात सांगणार नाही असलं काही. तुझं खोटं मी काहून नेऊ? आणि फोन ठेवला.

काकांकडे गेले तेव्हा ते चहा ठेवत होते. बूट काढून कोपऱ्यात ठेवले होते. प्रवासानं चेहरा उतरला होता. मी भांडायलाच गेले होते, म्हणून भांडले.

"वॉचमनला सांगाचं होतं ना, बाप आहे म्हणून! घुसाचं होतं आत. तुम्हाला कोणी अडवलं असतं?"

"त्यानं आतून होकार नाही देल्ला," काका म्हणाले. "लाइन क्लियर नाही भेटली तं गाडी थांबवाची असते, मास्तरीनबाई. उभी ठेवाची. घुसवाची नसते. उभा राह्यलो."

"तीन तास?"

"चार वाजताची गाडी होती परतीची."

"अन् हातात फोन होता, तो? एक फोन नाही करता आला तुम्हाला?"

काकांनी गॅस बारीक केला. "फोन केला असता तं बोललो असतो. बोललो असतो तं भांडण निघालं असतं, मले माहीत हाये माहा स्वभाव. मले भांडाचं नव्हतं. बसाचं होतं त्याच्याजवळ घडीभर."

इथं माझा सगळा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मी स्टूल ओढून बसले. काका पाठमोरे होते. त्यांना हे सांगू की तो एका अनोळखी माणसाशी तीन तास टाइप करत होता? कोणत्या तोंडानं सांगू?

"माझं बोलणं झालं निलेशशी," मी म्हटलं. "त्याला माहीतच नव्हतं काका. झोपला होता तो. रात्रपाळी होती म्हणे शनिवारी. पुढच्या हप्त्यात येतो म्हणाला. पक्का येतो."

चहा वर आला. काकांनी गॅस बंद केला आणि पातेल्याकडे पाहत उभे राहिले.

"समोरचे केस गेले त्याचे," ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही.

"गेटावरून दिसते त्याची बाल्कनी. चौथा माळा. फोन घेऊन इकून तिकडं, तिकून इकडं फिरून राहिला होता. बारीक झाला खूप. मी दोन-तीन खेपा हात केला. त्यानं खाली नाही पाह्यलं. मंग वाटलं, कामात असन."

मी मान खाली घातली.  काकांनी चहा गाळला, माझा कप माझ्यापुढे सरकवला आणि आपला घेऊन खिडकीपाशी बसले.

"पन तुम्ही म्हणता तं झोपलाच असन," ते म्हणाले. "थकत असन ना बिचारा."